गोगलगायीची चरबी मोजण्याआधी तिचे खाणे पाहा, तिचे जंत पाहा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की गोगलगाय वर्तमानपत्रात दिसू लागते. शेतीच्या पानावर असते ती शंखी गोगलगाय. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे तिने सोयाबीनची कोवळी रोपे रातोरात फस्त केली, ते शेतकरी अजून विसरलेला नाही. पाण्यातली गोगलगाय मात्र ‘जनावरांना जंताचे औषध पाजा’ या सल्ल्याच्या शेवटी एखाद्या ओळीत उरकली जाते. हे पत्र त्या पाण्यातल्या गोगलगायीविषयी आहे.

तिचा आणखी एक वावर वाचकांच्या नजरेला सहसा पडत नाही, तो म्हणजे महाविद्यालयांतले प्राणिशास्त्राचे प्रकल्प. ओढ्यातून, तळ्यातून गोगलगायी आणायच्या, चार-आठ दिवस कीटकनाशकाच्या नाहीतर तांबे-जस्ताच्या पाण्यात ठेवायच्या आणि मग अंगातली प्रथिने, ग्लायकोजेन (साठवलेले कर्बोदक) व चरबी मोजायची, हा आपल्याकडचा जुना, रुळलेला साचा. निष्कर्षही ठरल्यासारखा असतो: चरबी घटली, म्हणजे विषाचा ताण पडला. गोगलगाय काय खात होती आणि तिच्या अंगात पर्णकृमीची (पानासारख्या चपट्या परजीवी जंताची) पिल्ले होती की नव्हती, याची नोंद बहुतेक प्रकल्पांत नसते. ती नोंद नसेल तर चरबीच्या त्या आकड्यावरून काहीही सिद्ध होत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. का, ते जरा तपशिलात मांडू द्यावे ही विनंती.

शंख हलक्या हाताने फोडला की टोकाकडच्या वेटोळ्यांत एक तपकिरी, लोण्यासारखी मऊ ग्रंथी दिसते. तीच पाचकग्रंथी. तिला चिकटूनच जननग्रंथी असते आणि दोन्ही सुट्या करणे कठीण, म्हणून त्या एकत्रच काढतात. अन्न पचवणे, शोषणे, साठवणे ही कामे इथेच होतात. चरबीचा साठाही मुख्यतः इथेच, ट्रायग्लिसराइडच्या थेंबांच्या रूपात. पण गोगलगायीची खरी शिल्लक चरबीत नसते, ती असते कर्बोदकांत: ऊतींमध्ये ग्लायकोजेन आणि अंड्यांसाठी लागणाऱ्या अल्ब्युमेन ग्रंथीत गॅलॅक्टोजेन. उपासमार झाली की आधी ही कर्बोदके वेगाने उतरतात. म्हणून चार दिवसांच्या प्रयोगात चरबी निम्म्यावर आल्याचे कोणी दाखवले, तर पहिला प्रश्न ग्लायकोजेनचा विचारावा आणि दुसरा मोजणीच्या पद्धतीचा.

आता खाण्याकडे येऊ. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावी लाफायेट कॉलेज आहे. तिथे परजीवीशास्त्रज्ञ बर्नार्ड फ्रीड आणि रसायनशास्त्रज्ञ जोसेफ शर्मा या जोडीने अनेक वर्षे हाच विषय लावून धरला. बायोम्फॅलॅरिया ग्लॅब्राटा आणि हेलिसोमा ट्रायव्हॉल्विस या गोगलगायींना लेट्यूसची पाने आणि कोंबडीच्या अंड्याचा उकडलेला बलक, असे दोन आहार देऊन त्यांनी टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक पातळ थरावर वेगळे करणाऱ्या पट्टीवर) चरबीचे पट्टे मोजले. बलक खाणाऱ्या गोगलगायींच्या पाचकग्रंथीत ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉलचे एस्टर स्पष्टपणे वाढलेले दिसतात.

हे असेच व्हायला हवे. १०० ग्रॅम बलकात सुमारे २६ ग्रॅम चरबी आणि १ ग्रॅमहून थोडे जास्त कोलेस्टेरॉल असते. १०० ग्रॅम लेट्यूसच्या पानांत चरबी अर्ध्या ग्रॅमचीही भरत नाही. शिवाय पानातली चरबी वेगळ्याच जातीची. ती मुख्यतः हरितकणूंच्या पडद्यांतली, गॅलॅक्टोज साखरेचे डोके असलेली, अल्फा-लिनोलेनिक आम्लाने भरलेली. पानातले स्टेरॉलही वनस्पतीचे. आहार बदलला की चरबी किती आहे हे बदलते आणि ती कसली आहे हेही बदलते. कोणी गोगलगायींना पालक घालतो, कोणी माशांचे खाद्य, कोणी काचेवरच्या शेवाळावर सोडून देतो, आणि शेवटी सगळे आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी बसतात. ही तुलना कशाशी कशाची होते, याचा विचार व्हायला हवा.

परजीवीचे प्रकरण याहून खोल आहे. यकृतकृमीचे (फॅसिओलाचे) जीवनचक्र १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत लॉयकार्ट आणि इंग्लंडमध्ये थॉमस यांनी वेगवेगळे काम करून उलगडले. तेव्हापासून हे ठाऊक आहे की पर्णकृमीच्या पिल्लांची संख्या वाढते ती गोगलगायीच्या पोटात. अंड्यातून निघालेले पहिले पिल्लू, मिरासिडियम, एका दिवसाच्या आत योग्य गोगलगायीत शिरले नाही तर मरते. शिरले तर त्याची पिशवीसारखी पुढची अवस्था, स्पोरोसिस्ट, होते. फॅसिओलामध्ये पुढे रेडिया ही अवस्था आणि मग गोगलगायीतून पाण्यात बाहेर पडणारे शेपटीवाले सर्केरिया तयार होतात. आपल्याकडे गाई-म्हशींच्या यकृतातला फॅसिओला जायगँटिका लिम्निया अक्युमिनाटासारख्या गोगलगायींतून येतो. रक्तवाहिन्यांतले शिस्टोसोमा स्पिंडेल आणि नाकात गाठी करून जनावराला घोरायला लावणारा शिस्टोसोमा नेसेल हे चकतीसारख्या इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टसमधून येतात, आणि जनावराच्या पोटातले अँफिस्टोम हे पर्णकृमीही तिच्यातून येतात. माणसालाही हा विषय परका नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावी माणसांतल्या मूत्राशयाच्या शिस्टोसोमाचे केंद्र सापडल्याचे १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे त्याचा संबंध फेरिसिया टेन्युइस या नखाएवढ्याही नसलेल्या, खडकाला चिकटून राहणाऱ्या गोगलगायीशी जोडला गेला.

चरबीच्या दृष्टीने यातला कळीचा मुद्दा असा. शिस्टोसोमासारख्या पर्णकृमींना स्वतःची मेदाम्ले मुळापासून तयार करता येत नाहीत, कोलेस्टेरॉलही करता येत नाही. मिळालेल्या मेदाम्लाची साखळी थोडी लांबवता येते, इतकेच. पडदे बांधायला तर दोन्ही लागतात, आणि एका गोगलगायीतून हजारो सर्केरिया बाहेर पडायचे असतात. तो सगळा माल यजमानाच्या घरातूनच उचलला जातो.

कसा उचलला जातो, हे परजीवीच्या अवस्थेवर ठरते. रेडियाला तोंड असते, स्नायूंची घशाची गाठ असते, आतडे असते. ती पाचकग्रंथीचे तुकडे अक्षरशः गिळते. स्पोरोसिस्टला तोंडच नसते. ते ग्रंथीच्या नळ्यांमधल्या फटींत पसरते आणि सगळे पोषण कातडीतून शोषून घेते. शिस्टोसोमामध्ये रेडियाची अवस्थाच नाही, दोन पिढ्या स्पोरोसिस्टच. त्यामुळे फॅसिओला लागलेल्या लिम्नियात जे दिसेल तेच शिस्टोसोमा लागलेल्या इंडोप्लॅनॉर्बिसमध्ये दिसावे, अशी अपेक्षाच चुकीची. ‘परजीवीबाधित गोगलगायी’ असा एकच गट करून सरासरी काढणाऱ्याने दोन निराळे आजार एका खात्यात टाकलेले असतात.

म्हणूनच जगभरच्या निकालांत एकवाक्यता नाही, आणि याचे आश्चर्य वाटायला नको. काही जोड्यांत बाधेमुळे ट्रायग्लिसराइड घटते. काहींत पाचकग्रंथीच्या पेशींत चरबीचे थेंब उलट वाढलेले दिसतात. साठच्या दशकात अमेरिकेतल्या कालवांवर (शिंपल्यातल्या प्राण्यांवर) झालेल्या ऊतींच्या अभ्यासात साध्या चरबीचे विघटन होऊन सुटी मेदाम्ले वाढल्याचे आणि ती परजीवीने उचलल्याचे दिसले. वाढ दिसते तेव्हा एक कारण लक्षात ठेवावे. पर्णकृमी लागलेल्या गोगलगायीचे अंडी घालणे मंदावते किंवा थांबते. परजीवी तिला जवळजवळ नपुंसक करून टाकतो. अंड्यांवर होणारा खर्च थांबला की तो माल काही काळ कुठेतरी साचणारच. बाधा किती आठवड्यांची आहे हे माहीत नसताना नुसते ‘वाढली’ किंवा ‘घटली’ लिहिणे म्हणजे अंधारात दगड मारणे.

आता करायचे काय, ते सांगतो.

आधी ओळख पटवा. शंखाचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले तर लिम्नियाचे तोंड उजवीकडे येते, कवच पातळ असते, शिंगे चपटी व त्रिकोणी. इंडोप्लॅनॉर्बिस चकतीसारखी, शिंगे दोऱ्यासारखी बारीक. तिला जरा दुखापत झाली की लाल रक्त येते, कारण तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असते. बेलामिया या तिसऱ्या गोगलगायीला तोंड बंद करायला झाकण असते आणि तिच्यात नर-मादी वेगळे असतात. लिम्निया आणि इंडोप्लॅनॉर्बिस उभयलिंगी. बेलामियाच्या नरांची आणि माद्यांची चरबी एकत्र मोजली की तो आकडा पहिल्याच पायरीवर बिघडला.

मग जंत तपासा. प्रत्येक गोगलगाय वेगळ्या छोट्या बीकरमध्ये, २० ते २५ मिली क्लोरीन उडवलेल्या पाण्यात ठेवा. सकाळच्या उजेडात किंवा दिव्याखाली दोन ते चार तास ठेवून, बीकरमागे काळा कागद धरून भिंगातून पाहा. पांढुरके ठिपके झटके देत पोहताना दिसले तर एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली शेपटी पाहा. शेपटी टोकाला दुभंगलेली असेल तर शिस्टोसोमा किंवा त्यासारखी दुसरी जात. डोक्याभोवती काट्यांची पट्टी असेल तर एकिनोस्टोमा हा पर्णकृमी. दोन डोळेठिपके असलेला, नुसत्या डोळ्यांनाही दिसणारा गडद सर्केरिया बहुधा अँफिस्टोमचा. फॅसिओलाचा सर्केरिया फार वेळ पोहत नाही, काचेला किंवा पानाला चिकटून पांढऱ्या टाचणीच्या डोक्यासारखा बसतो. म्हणून पाणी ओतून देण्याआधी बीकरची भिंतही पाहा.

इथे दोन चुका फार होतात. पहिली, फक्त दिवसा तपासणे. सगळ्या जाती एकाच वेळी सर्केरिया सोडत नाहीत. फॅसिओला जायगँटिकाचे सर्केरिया बरेचसे रात्री निघतात, त्यामुळे बीकर रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा पाहावेत. दुसरी चूक म्हणजे एकदा काही निघाले नाही की गोगलगाय ‘निरोगी’ ठरवणे. मिरासिडियम शिरल्यापासून सर्केरिया बाहेर येईपर्यंत चार ते आठ आठवडे जातात. त्या काळात बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत ग्रंथी पोखरली जात असते. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण आपल्या कानांवरून गेलेली आहेच. या गोगलगायीच्या पोटात काय आहे, ते पोट उघडल्याशिवाय कळत नाही. म्हणून दर आठवड्याला, निदान पाच आठवडे तपासा आणि शेवटी विच्छेदनाच्या वेळी प्रत्येक ग्रंथीचा बारीक तुकडा काचपट्टीवर दाबून पाहा. निरोगी ग्रंथी तपकिरी किंवा हिरवट तपकिरी आणि सलग असते. बाधित ग्रंथी फिकट, पिवळट किंवा नारिंगी, फुगलेली दिसते, आणि दाबली की हलणाऱ्या पिशव्या बाहेर पडतात. तळ्यातून आणलेल्या गोगलगायींपेक्षा प्रयोगशाळेतच अंड्यांतून वाढवलेली पिढी वापरली तर ही सगळी शंका एका फटक्यात मिटते. दोन-अडीच महिने जादा लागतात, ते सत्कारणी लागतात.

हात घालताना हातमोजे घाला. जनावरांच्या शिस्टोसोमाचे सर्केरिया माणसाच्या कातडीत शिरतात आणि तिथेच मरतात, पण खाज व पुरळ देऊन जातात. भातखाचरात उभे राहणाऱ्यांना ही खाज ओळखीची असते. कातडीवरची मेदाम्ले हाच या सर्केरियांना आत शिरण्याचा इशारा असतो. ज्याला स्वतःची चरबी करता येत नाही, तो यजमान ओळखतो तोही चरबीवरूनच!

आहाराचे गट करताना गोगलगायी आधी दोन आठवडे एकाच आहारावर स्थिरावू द्या. लिटरला पाच-सहाहून जास्त नकोत, पाणी २५ ते २७ अंश सेल्सिअस. नळाचे पाणी एक-दोन दिवस उघडे ठेवले की क्लोरीन उडतो, पण क्लोरामाइन वापरणाऱ्या शहरात तो तसा उडत नाही. तिथे विहिरीचे पाणी बरे. पितळी नळ, तांब्याचे भांडे अजिबात नको. तांबे गोगलगायींना इतके विषारी आहे की तिला मारायला मोरचूदच वापरत असत. कवचासाठी कॅल्शियम हवे. शाळेतला खडू हल्ली बहुधा जिप्समचा असतो, त्यापेक्षा धुऊन कुटलेली अंड्याची टरफले किंवा शिंपले टाका. पालक वापरणार असाल तर त्यातले ऑक्झलेट कॅल्शियम धरून ठेवते हे ध्यानात घ्या. लेट्यूस आता मोठ्या बाजारात मिळते. पान उकळत्या पाण्यातून काढून गार करून द्यावे, म्हणजे ते मऊ पडते आणि कीटकनाशकाचा अंशही काहीसा धुऊन जातो.

बलकाचा गट सर्वांत जास्त फसतो. अंडे पूर्ण कडक उकडा, बलक चाळणीतून काढा, पसरून वाळवा आणि चिमूटभरच द्या. तीन-चार तासांत उरलेले काढून टाका, पाणी रोज बदला. हे केले नाही तर पाणी दुधाळ होते, अमोनिया वाढतो, प्राणवायू उतरतो आणि गोगलगायी काचेवर चढून पाण्याबाहेर बसतात. त्या खातच नाहीत. मग तक्त्यात ‘बलक’ लिहिलेला गट प्रत्यक्षात उपाशी गट असतो. उलट चूक उपाशी गटात होते. काचेवरचे शेवाळ आणि स्वतःची विष्ठा यांवर गोगलगाय आठवडे काढते. उपास खरा हवा असेल तर भांडे रोज घासा आणि विष्ठा खाली पडेल अशी जाळी तळाशी टाका. दिलेले आणि उरलेले अन्न वजन करून लिहा. बाधित गोगलगाय निरोगी गोगलगायीइतकेच खाते, असे गृहीत धरू नका.

विच्छेदनाआधी सर्व गटांना सारखाच, २४ तासांचा उपास द्या. नाहीतर आतड्यातला बलक तुम्ही ग्रंथीची चरबी म्हणून मोजाल. ग्रंथी काढली की ऊर्ध्वपातित पाण्यातून झटकन काढा, गाळणकागदावर टिपा, वजन करा आणि लगेच द्रावकात टाका किंवा गोठवा. टेबलावर दहा मिनिटेही राहू देऊ नका. पाचकग्रंथी मुळात पचनाच्या विकरांनी भरलेली असते. गोगलगाय मेली तरी तिची लायपेज विकरे काम करत राहतात, ट्रायग्लिसराइड फोडतात आणि सुटी मेदाम्ले वाढवतात. बाधेचा म्हणून जो परिणाम सांगितला जातो, हुबेहूब तोच परिणाम निष्काळजीपणातून तयार होतो. या एका कारणाने किती आकडे बिघडले असतील, या विचाराने आम्हाला खरोखर वाईट वाटते.

१०० मिलीग्रॅम ऊतीला २ मिली, म्हणजे वीसपट, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१ या प्रमाणात घ्या आणि काचेच्या होमोजिनायझरमध्ये वाटा. प्लॅस्टिकची नळी नको. क्लोरोफॉर्म प्लॅस्टिकमधले मऊपणाचे रसायन ओढतो आणि प्लेटवर एक जादा पट्टा उमटतो, जो कोणत्याच गोगलगायीचा नसतो. गाळा, त्यात ०.४ मिली ०.८८ टक्के पोटॅशियम क्लोराइडचे द्रावण घालून हलवा, सेंट्रिफ्यूज करा. खालचा थर चरबीचा. मधला पांढरा पापुद्रा प्रथिनांचा, तो घेऊ नका. खालचा थर नायट्रोजनच्या झोताखाली ४० अंशांवर वाळवून मोजक्या क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा.

सिलिका जेलच्या प्लेटवर नमुना आणि प्रमाणित मिश्रण शेजारी शेजारी लावा. पेट्रोलियम ईथर, डायएथिल ईथर आणि ग्लेशियल ॲसिटिक आम्ल ८०:२०:१ या मिश्रणात प्लेट वर चढू द्या. टाकीच्या आत गाळणकागद लावून वाफ आधी भरू द्या, नाहीतर पट्टे कडेला वाकडे चढतात. प्लेट वाळली की ५ टक्के फॉस्फोमॉलिब्डिक आम्ल इथेनॉलमध्ये करून फवारा आणि ११० ते ११५ अंशांवर दहा मिनिटे ठेवा. पिवळ्या पार्श्वभूमीवर निळे पट्टे उठतात. तळाशी, लावल्या जागीच फॉस्फोलिपिड राहतात. त्यांच्यावर कोलेस्टेरॉल, मग सुटी मेदाम्ले, मग ट्रायग्लिसराइड आणि सर्वांत वर कोलेस्टेरॉलचे एस्टर. ईथर पूर्ण उडाल्याशिवाय प्लेट ओव्हनमध्ये घालू नका, आग लागते. हे सर्व काम धूर ओढणाऱ्या कपाटात.

आपल्याकडे टीएलसीऐवजी सल्फो-फॉस्फो-व्हॅनिलिनची रंगपद्धत जास्त चालते, कारण ती स्वस्त आणि झटपट आहे. तिच्याबद्दल एक गोष्ट प्रत्येक मार्गदर्शकाने फळ्यावर लिहावी. तिचा गुलाबी रंग येतो तो मुख्यतः दुहेरी बंधांमुळे. संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या, मेदाम्लाला ती जवळजवळ रंग देत नाही. पानावर वाढलेल्या गोगलगायीत दुहेरी बंधांची मेदाम्ले जास्त, दुसऱ्या आहारावर प्रमाण वेगळे. म्हणजे चरबी तेवढीच असूनही रंग कमी-जास्त येऊ शकतो. वर प्रमाणित म्हणून कोणी कोलेस्टेरॉल घेतो, कोणी वनस्पती तेल, आणि दोन्हींचे रंग सारखे येत नाहीत. ही पद्धत वाईट नाही. पण आहार बदललेल्या दोन गटांची तुलना एकट्या तिच्यावर सोडू नये. निदान काही नमुने वजनाने किंवा प्लेटवर ताडून पाहावेत.

शेवटी भागाकार. आकडा दर ग्रॅम ऊतीला दिला जातो, पण बाधित ग्रंथीचा ग्रॅम कोणाचा? समजा निरोगी ग्रंथी १०० मिलीग्रॅमची आणि तिच्यात ३ मिलीग्रॅम चरबी, म्हणजे ग्रॅमला ३० मिलीग्रॅम. बाधित ग्रंथी फुगून १५० मिलीग्रॅमची झाली आणि चरबी तीच ३ मिलीग्रॅम राहिली, तर ग्रॅमला २० मिलीग्रॅम होतात. चरबीचा कणही हरवलेला नाही आणि अहवालात ‘एक तृतीयांश घट’ छापून येते. म्हणून दर ग्रॅम आणि दर गोगलगाय असे दोन्ही आकडे द्यावेत, वजन ओले आणि सुके दोन्ही लिहावे, आणि जमेल तिथे रेडिया चिमट्याने वेगळ्या काढून ऊती आणि परजीवी वेगवेगळे मोजावेत. दहा ग्रंथी एकत्र वाटून एक नमुना करण्याची सवय तर सोडाच. त्या दहांत दोन बाधित निघाल्या, तर ते कधीच कळत नाही.

हे सगळे प्रयोगशाळेपुरते आहे, शेतकऱ्याला त्याचे काय, असे कोणी विचारील. उत्तर सरळ आहे. पोटभर खाणारी गोगलगाय मोठी होते, जास्त जगते आणि बाधित झाली तर जास्त सर्केरिया सोडते. २००७ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कृत्रिम तळ्यांत नत्र व स्फुरद वाढवले. शेवाळ वाढले, गोगलगायी वाढल्या, प्रत्येक बाधित गोगलगायीतून निघणारे सर्केरियाही वाढले आणि त्याच पाण्यातल्या बेडकांना रिबेरॉया या पर्णकृमीची बाधा जास्त झाली. आता भंडारा-गोंदियाचे मामा (माजी मालगुजारी) तलाव डोळ्यांसमोर आणा, किंवा कोकणातली भातखाचरांना लागून असलेली डबकी. काठावर उकिरडा, शेण धुऊन पाण्यात, हिरवेगार शेवाळ, त्यावर चरणारी लिम्निया, आणि त्याच काठाचे गवत गाईपुढे. आपण गोगलगायीला खाऊ घालतो आणि तिच्यातले जंत आपल्याच गोठ्यात परत येतात.

म्हणून उकिरडा पाण्याच्या उताराला नको. पाणी पिण्याचा हौद उंचावर आणि भोवती फरशी हवी, म्हणजे कडेला चिखल राहत नाही. पाणथळ जागेचे हिरवे गवत आणि भाताच्या पेंढ्याचा बुडखा जनावरांना ताजा घालू नये. मेटासर्केरिया (शेपटी टाकून कोश केलेले सर्केरिया) बहुतेक पाण्याच्या रेषेजवळ, देठाच्या खालच्या भागावर चिकटलेले असतात. उन्हात खडखडीत वाळवलेला पेंढा पुष्कळ सुरक्षित. औषधाचेही नीट पाहावे: ऑक्सिक्लोझानाइड मोठ्या यकृतकृमींवर चालते, ट्रायक्लाबेंडाझोल लहानांवरही. कोणते, कधी आणि किती, ते जनावराचे वजन पाहून पशुवैद्यकाने ठरवावे. मोरचूद तळ्यात ओतू नये, मासे मरतात.

विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र अभ्यास मंडळांना आमची विनंती आहे की गोगलगायींवरच्या प्रत्येक प्रकल्पात चार नोंदी सक्तीच्या कराव्यात: आहार कोणता आणि किती दिवस, सर्केरियाची तपासणी किती आठवडे व कोणत्या वेळी, विच्छेदनात ग्रंथी दाबून पाहिली की नाही, आणि चरबीचा आकडा कोणत्या वजनावर काढला. यासाठी नवे यंत्र लागत नाही. एक भिंग, काळा कागद, वीस-पंचवीस बीकर आणि पाच आठवडे लागतात. जूनमध्ये गोगलगायी आणल्या, तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात प्रयोग सुरू करता येतो.

आपले नम्र,
गोड्या पाण्यातील गोगलगायी आणि पर्णकृमी शिकवणारे काही अध्यापक